एकाच क्षणी दोन क्रिया : जपानी व्याकरण आणि मराठी विद्यार्थी

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेतील विद्यार्थ्यांना २०१९ मध्ये एक परकी भाषा निवडण्यास सांगण्यात आले, तेव्हा बहुतेकांनी यंत्रमानव आणि तंत्रज्ञान यांच्या ओढीने जपानी निवडली. मराठीतून जपानीकडे वळणाऱ्या अशा मुलांनी बारकाईने समजून घ्यावा असा व्याकरणाचा एक विषय म्हणजे एककालिकता, अर्थात दोन घटना एकाच वेळी घडल्याचे सांगण्याची रीत.

मराठीप्रमाणेच जपानीतही मुख्य क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि गौण क्रिया त्याआधी सांगितली जाते; त्यामुळे ‘ओंगाकु ओ किकिनागारा बेन्क्यो सुरु’, म्हणजे ‘संगीत ऐकत अभ्यास करतो’, हे वाक्य मराठी विद्यार्थ्याला शब्दांचा क्रम न बदलता उमगते. मात्र ‘नागारा’ने जोडलेल्या दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा लागतो. ‘आई स्वयंपाक करत असताना मूल खेळत होते’ या वाक्यात मराठीचे ‘-ताना’ दोन कर्ते सामावून घेते; जपानीत तेथे ‘आइदा’, म्हणजे ‘दरम्यान’, योजावे लागते.

दोन घटना एकाच क्षणी घडल्या एवढेच तटस्थपणे सांगायचे असेल, तर ‘तो दोजि नि’ ही रचना पुरते. परंतु पहिली घटना होते न होते तोच दुसरी अनपेक्षितपणे घडली, तर भूतकाळी क्रियापदापुढे ‘तोतान’ येते : ‘दोआ ओ आकेता तोतान, नेको गा तोबिदाशिता’, म्हणजे ‘दार उघडले, तोच मांजर बाहेर झेपावले’. ही दुसरी घटना बोलणाऱ्याने ठरवून केलेली नसावी, असा दंडक आहे. म्हणून ‘घरी पोहोचताच फोन करीन’ या वाक्यातील ‘-ताच’साठी ‘तोतान’ चालत नाही, तेथे ‘त्सुइतारा सुगु’, म्हणजे ‘पोहोचल्यावर लगेच’, असे म्हणावे लागते. ‘या इनाया’ ही रचनाही ‘-ताच’च्या जवळची आहे, पण ती प्रामुख्याने ग्रांथिक लेखनात आढळते.

जपानी भाषा काळाबरोबरच कर्ता, इच्छा आणि अनपेक्षितता यांचीही दखल घेते, हे यावरून स्पष्ट होते. ‘-त’, ‘-ताना’, ‘-ताच’ आणि ‘तोच’ यांतील भेद मराठी मुलाला उपजत ठाऊक असल्याने, जपानीचे हे व्याकरण त्याला इंग्रजीच्या आधाराने नव्हे, तर मराठीशी तुलना करून शिकवावे, आणि तशी पाठ्यपुस्तके अभ्यासकांनी मराठीत अवश्य लिहावीत.