काळं चित्र



समोरच्या टेबलावर एक काचेचा ग्लास ठेवला आहे. काल रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विहिरीचं पाणी घेऊन त्यात बीजाच्या लाकडाची एक ढलपी टाकली होती. ढलपी गावातल्या सुतारानं दिली. मला मधुमेह असेल, असं त्याला वाटलं. बीजाच्या पेल्यातलं पाणी लोक त्यासाठीच तर पितात! सकाळी पाणी कोऱ्या चहासारखं सोनेरी झालं होतं. पण ग्लास खिडकीत नेला आणि कडेनं पाहिलं, तर उन्हाच्या बाजूला निळीची झाक. आरपार बघावं तर सोनेरी, बाजूनं बघावं तर निळं.

तो निळा रंग पाण्यात विरघळलेला नाही. उन्हातला जांभळा आणि त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश लाकडातले रेणू गिळतात. त्यातली थोडी ऊर्जा स्वतःजवळ खर्च होते, उरलेली निळा प्रकाश होऊन बाहेर पडते. कुणी याला प्रतिदीप्ती म्हणतं, कुणी अनुस्फुरण. प्रयोगशाळेत आम्ही दिवसभर फ्लुओरेसन्सच म्हणतो. आज मी प्रतिदीप्ती म्हणेन.

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात निकोलास मोनार्देस या वैद्यानं 1565 मध्ये अशाच एका औषधी लाकडाच्या निळ्या पाण्याबद्दल लिहून ठेवलं. पुढे 1664 मध्ये रॉबर्ट बॉइलनं त्या पाण्यात आम्ल घातलं, तेव्हा निळाई गेली. आम्लारी मिसळताच ती परत आली. ही गोष्ट लक्षात राहू द्या. रेणू उजळतो की नाही, हे त्याच्या शेजारी कोण बसलं आहे यावर ठरतं. माझा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे, आणि याच वाक्याचा विसर पडल्यामुळे मी एकदा तोंडघशीही पडले. ते पुढे सांगते.

मुलचेऱ्यासारख्या तालुक्यात, जिथे एकाच बाजारात मराठी, माडिया, बंगाली आणि तेलुगू कानावर पडते, तिथल्या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईला दिलंत. शिक्षक, लिहिणारी मंडळी आणि गावागावांत आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई एका मांडवात बसल्या आहेत, हे पाहून मनापासून आनंद होतो. माझा विषय परक्या मुलखातला वाटेल, पण तो तुमच्या घरापासूनच सुरू होतो. 1845 मध्ये जॉन हर्शेलनं ज्या द्रावणाच्या पृष्ठभागावर निळी चमक पाहिली आणि 1852 मध्ये जॉर्ज स्टोक्सनं ज्याचा अभ्यास करून या घटनेला इंग्रजी नाव दिलं, ते द्रावण क्विनीनचं होतं. पावसाळा आला की घरोघरी ज्याची धास्ती असते, त्या हिवतापाचं औषध!

ही चमक आम्ही एका प्रश्नासाठी वापरतो. जिवंत पेशीच्या आत काय चाललं आहे, हे कसं बघायचं? पेशी मारून, रंगवून, काचपट्टीवर पसरून बघण्याची विद्या जुनी आहे आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण मेलेली पेशी ‘काय होतं’ एवढंच सांगते, ‘काय होत आहे’ हे नाही. त्यासाठी आत एक असा रेणू पाठवावा लागतो, जो एकाच गोष्टीची वाट बघेल आणि ती भेटली की उजळेल. त्याला आम्ही प्रोब म्हणतो. मराठीत ‘शोधरेणू’ म्हटलं तरी चालेल.

कॅल्शियमचंच घ्या. पेशीबाहेर ते जितकं असतं, त्याच्या साधारण दहा हजारांश इतकंच आतल्या द्रवात असतं. स्नायू आखडायचा असो की मज्जापेशीनं शेजारणीला निरोप द्यायचा असो, हे प्रमाण क्षणभर वाढतं आणि ओसरतं. आणि आत त्याचा भाऊबंद मॅग्नेशियम हजारोपट जास्त. त्या गर्दीतून नेमकं कॅल्शियम ओळखायचं कसं? रॉजर त्सिएन या तरुणानं 1980 मध्ये चार आम्लगटांची एक नांगी तयार केली. खेकड्याच्या नांगीसारखी ती मिटते, पण तिच्यातली जागा कॅल्शियमच्या मापाची; मॅग्नेशियम लहान, ते तिथे नीट बसतच नाही. या नांगीला प्रकाश देणारा सांगाडा जोडला, की झाला शोधरेणू.

पण आत जायचं कसं? त्या चार आम्लगटांवर ऋण विद्युतभार असतो आणि पेशीचं पटल तेलकट. भारित रेणूला ते दारातही उभं करत नाही. 1981 मध्ये त्सिएननं तोडगा काढला. चारही गटांवर एस्टरची टोपी चढवायची. भार झाकला गेला, की रेणू पटलातून अलगद सरकतो. आत पेशीची स्वतःची विकरं त्या टोप्या कापून टाकतात, भार उघडा पडतो आणि रेणू आतच अडकतो. पेशीच्याच हातानं कडी लावून घेण्याची ही युक्ती आजही वर्गात सांगताना माझ्या अंगावर शहारा आणते.

त्याचा पहिला रंग, क्विन-2, मंद होता. तो दिसावा म्हणून इतका भरावा लागे, की मोजायचं कॅल्शियम तोच शोषून घेई. 1985 मध्ये फुरा-2 आला, तीसपटीपर्यंत तेजस्वी. शिवाय त्याला दोन वेगवेगळ्या तरंगलांबींच्या प्रकाशानं उजळवून दोन चमकांचं गुणोत्तर काढता येतं. पेशी जाड असो की पातळ, रंग कमी शिरो की जास्त, गुणोत्तर फसत नाही. त्सिएनला 2008 चं नोबेल मिळालं ते जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनावरच्या कामासाठी, शिमोमुरा आणि चाल्फी यांच्यासोबत. माझ्या मते हे आधीचं काम त्याहून तसूभरही कमी नाही.

आता माझी गोष्ट. पुष्कळ वर्षांपूर्वी मी जस्तासाठी एक शोधरेणू करत होते. त्याची रचना अशी, की नांगीतल्या नायट्रोजनची मोकळी इलेक्ट्रॉनजोडी शेजारच्या प्रकाश देणाऱ्या सांगाड्याला उजळूच देत नाही. त्याची ऊर्जा उजेड व्हायच्या आत विझवून टाकते. जस्तानं ती जोडी पकडून ठेवली, की विझवणारं कुणी उरत नाही आणि रेणू चमकतो. परीक्षानळीत सगळं चोख झालं. पेशींत टाकला, तर कन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर काळ्याभोर अंधारात हिरवे टपोरे ठिपके! जणू आषाढातल्या रात्री झाडावर काजवे बसलेत. मी खाली जाऊन पेढे आणले.

दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं शांतपणे विचारलं, “टीपेन घातलंस का?” टीपेन म्हणजे पेशीत शिरून जस्त हिसकावून घेणारा पदार्थ. तो घातला तर ठिपके विझायला हवेत. मी घातला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तासभर वाट पाहिली. एकही ठिपका विझला नाही. ते जस्त नव्हतंच. ते लायसोसोम होते, पेशीतल्या कचरा पचवणाऱ्या पिशव्या, आतून आंबट. तिथल्या आम्लानं माझ्या नायट्रोजनची जोडी पकडली होती आणि रेणू भलत्याच पाहुण्याला बघून हसत होता. बॉइलनं 1664 मध्ये जे लिहून ठेवलं होतं, ते मला पेढे वाटून झाल्यावर कळलं.

त्या दिवसापासून मी विद्यार्थ्यांकडून आधी काळं चित्र मागते. उजळलेलं चित्र नंतर. ज्याचा शोध घ्यायचा ते काढून घेतल्यावर अंधार होतो का, ते दाखव. दुसरे धातू, आम्ल, पाणी यांच्यासमोर रेणू गप्प राहतो का, ते दाखव. शोधरेणूची किंमत तो कधी बोलतो यापेक्षा कधी बोलत नाही यावर ठरते. जस्तासाठी, पाऱ्यासाठी, तांब्यासाठी निघालेल्या रेणूंचे निबंध ढिगानं आहेत. त्यातले रोजच्या जीवशास्त्रात वापरले जातात ते मोजकेच. फरक पुष्कळदा या काळ्या चित्राचाच असतो.

दुसरी एक गोष्ट तर थेट तुमच्या रक्ताची आहे. गडचिरोली-चंद्रपुरात सिकलसेल कुणाला सांगावा लागत नाही. हिमोग्लोबिनमधला एक घटक बदलतो आणि प्राणवायू सुटला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्या वळतात. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. तिचं पटल गळू लागतं, कॅल्शियम आत शिरतं, त्यानं पोटॅशियमचा दरवाजा उघडतो, पोटॅशियम बाहेर पडतं आणि त्याच्यामागे पाणी. पेशी सुकते. सुकली की आतलं हिमोग्लोबिन आणखी दाटतं, आणखी दोऱ्या वळल्या जातात. म्हणून या पेशीतलं कॅल्शियम मोजणं महत्त्वाचं.

मग क्विन-2 टाकून मोजायला काय हरकत? 1984-85 मध्ये संशोधकांनी दाखवलं की तांबड्या पेशीत हरकत आहे. एस्टरची टोपी कापली जाते तेव्हा प्रत्येक टोपीमागे फॉर्मल्डिहाइडचा एक रेणू सुटतो. एका क्विन-2 मागे चार. तांबड्या पेशीला मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, नसतात. साखर फोडून मिळेल तेवढ्याच ऊर्जेवर ती जगते. फॉर्मल्डिहाइडनं नेमकं तेच काम अडतं, पेशीतलं एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन, संपतं, आणि एटीपी नसेल तर कॅल्शियम बाहेर फेकणारा पंप थांबतो. म्हणजे कॅल्शियम बघायला गेलेला पाहुणाच घरातलं कॅल्शियम वाढवून ठेवतो! उपाय साधा निघाला. स्पेनमधल्या हावियर गार्सिया-सांचो यांनी दाखवलं की सोबत पायरुव्हेट नावाचा पदार्थ दिला तर पेशी तग धरते. आशाताईंना हे वेगळं सांगायला नको. तपासायला गेलेल्या माणसानं घर विस्कटून चालत नाही, हे त्या रोज पाळतात.

यात आणखी एक अडचण हिमोग्लोबिनची. जांभळा-निळा प्रकाश ते स्वतःच गिळून टाकतं. रक्तासाठी रेणू करायचा तर त्याला तांबड्या प्रकाशाकडे न्यावं लागतं, सांगाडा लांब करावा लागतो, आणि लांब सांगाडे तेलकट होऊन गोळा होतात. इथे रसायनशास्त्रज्ञाची खरी कसोटी.

हे काम आपल्यापासून दूर नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या काळात, 1933 मध्ये, मुंबई विद्यापीठानं रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. तिथून पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले के. वेंकटरामन आयुष्यभर रंगांच्या रसायनात रमले. लुगड्याचा रंग उन्हात विटू नये म्हणून जी विद्या जमली, तीच आज लेसरखाली शोधरेणू विटू नये म्हणून कामाला येते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अंकोना दत्ता यांचा गट जिवंत पेशीतलं मँगनीज आणि पटलातली काही लिपिडं दाखवणारे रेणू घडवतो. 2009 मध्ये बंगळुरूला यमुना कृष्णन यांनी तर डीएनएची घडी घालून पेशीतली आम्लता मोजणारं यंत्र केलं. मी ज्या आंबटपणानं फसले, तो त्यांनी मोजून दाखवला.

म्हणून माझी इथल्या लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे, आणि ती मी अध्यक्ष म्हणून करते आहे. विज्ञानावर मराठीत लिहिताना काळं चित्रही छापा. हिरव्या-लाल ठिपक्यांचं रंगीत पान वाचकाला आवडतं, संपादकालाही आवडतं. पण त्याच्या शेजारी तो अंधाराचा चौकोन नसेल, तर आपण वाचकाला निकाल देतो, पुरावा देत नाही. सिकलसेलवरच्या एखाद्या नव्या औषधाची बातमी आली, तर औषध न दिलेल्यांचं काय झालं, हे पहिल्या परिच्छेदात लिहा. बीजाच्या पेल्याबद्दल लिहाल तेव्हाही हाच प्रश्न विचारा. निळी झाक दिसते म्हणून औषध लागू पडतं, असं होत नाही. त्या सुतारदादांनाही मी हेच सांगून आले.

आणि संशोधकांना विनंती अशी, की प्रश्न इथून घ्या. कुठल्या महिन्यात दुखणं उसळतं, धानाच्या रोवणीत चिखलात उभं राहिल्यावर की तहान मारून जंगलात तेंदूपत्ता तोडल्यावर, हे ज्यांना रोज दिसतं, ती माणसं या मांडवात आहेत. पेशी सुकण्याचा आणि माणूस सुकण्याचा संबंध आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली शोधतो. पुढच्या सत्रात आशाताई त्यांच्या नोंदवह्या घेऊन बोलणार आहेत. मी पहिल्या रांगेत बसून लिहून घेणार आहे.

ग्लास इथेच ठेवते. खिडकीतलं ऊन अजून तासभर राहील. शेजारी मी साध्या पाण्याचाही एक ग्लास ठेवला आहे. मुलांनो, बघताना दोन्ही बघा.