दुसऱ्या पाळण्याचे दुःख



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की बोनस आणि महागाई ऐकावयास मिळणार, अशा तयारीने आपण आला असाल. माझे शाळेतले शिक्षण सातवीवर थांबले. पुढचे सारे वाचनालयात आणि फौंड्रीच्या फाटकावर झाले. तरी आज मी घरातले बोलणार आहे. एक मूल आहे, दुसरे हवे आहे आणि ते होत नाही, अशा नवराबायकोच्या मनाविषयी.

मूल नसलेल्या बाईला समाज टोचून बोलतो, हे आपणांस ठाऊक आहे. एक असलेलीला तो दुःख करण्याचा हक्कही देत नाही. "एक आहे ना पदरात?" म्हणून गप्प करतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच विचारतो, "हिला भाऊ कधी?" डॉक्टरांकडे या अडचणीला नाव आहे, द्वितीयक वंध्यत्व. पूर्वी गर्भ राहिलेला असूनही वर्षभर प्रयत्न करून पुन्हा राहत नाही, ते हे. वाढलेले वय, बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाने बंद झालेल्या गर्भनलिका, गर्भाशयाचा छुपा क्षय, अशी कारणे असतात. आणि पुरुषातला दोष. तो आपल्याकडे शेवटीच आठवतो.

माझेच सांगतो. मुलगी १९९७ साली झाली. ती चार वर्षांची झाल्यावर आम्ही दुसऱ्याचा विचार केला. दोन वर्षे गेली. मंडळींच्या तपासण्या, सोनोग्राफी, नळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे, सारे झाले. मला कोणी विचारले नाही आणि मीही आपण होऊन गेलो नाही. मालकासमोर टेबलावर मूठ आपटणारा मी, प्रयोगशाळेच्या टेबलावर एक लहानशी बाटली ठेवावयास भीत होतो! एक मूल झाले, तेव्हा माझ्यात खोट नाही, हा माझा युक्तिवाद. पण पुरुषबीज सतत नव्याने तयार होते, त्याला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, आणि उष्णता त्याला मानवत नाही. मी पंधरा वर्षे भट्टीपाशी काढलेली. भट्टीमुळेच झाले असे छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दोष माझ्याकडे निघाला. ती एवढेच म्हणाली, "दोन वर्षे मी स्वतःला बोल लावीत होते, आणि तुम्ही नुसते पाहत होता."

पुढे वाचनात एक हकीकत आली. १९७७ साली कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातले कामगार आपसांत बोलू लागले, की आपल्यांत कोणाला मूलच होत नाही. काहींना आधीची मुले होती. संघटनेने तपासणीचा आग्रह धरला. नसबंदी न झालेल्या २५ जणांपैकी १४ जणांत बीज कमी किंवा मुळीच नव्हते. संशय डीबीसीपी नावाच्या रसायनावर गेला. ज्याच्या त्याच्या घरातले गुपित बोलले गेले, म्हणून ते कळले. मी मात्र घरात दोन माणसांतही बोललो नव्हतो.

मग बोलू लागलो. उपचाराचा विषय रविवारीच काढावयाचा. एरवी महिन्याची प्रत्येक तारीख डोक्यावर बसे. नातेवाइकांना दोघांनी एकच उत्तर द्यावयाचे, "दवाखाना चालू आहे." बारशाला जाववत नसेल तर तिने जाऊ नये, त्याला मत्सर म्हणू नये. आणि मुलगी? सात वर्षांची ती एका रात्री विचारती झाली, "माझ्यामुळे बाळ येत नाही का?" आम्हांला वाटत होते, तिला काही कळत नाही! तिला जवळ घेऊन सांगितले, की बाबांची तब्येत त्यासाठी साथ देत नाही. तुझा काही दोष नाही. ती लगेच झोपली. आम्ही जागे होतो.

कोठवर करावयाचे, तेही ठरविले: २००६ च्या दिवाळीपर्यंत. दिवाळी झाली, गर्भ राहिला नाही, आम्ही थांबलो. पाडव्यानंतर तिने ट्रंकेतली झबली-टोपडी काढली, उन्हात टाकली आणि पुन्हा घडी करून ठेवली. देऊन टाक, असे मी म्हटले नाही. तीन वर्षांनी शेजारच्या सुनेला दिवस गेले, तेव्हा ती आपण होऊन ते गाठोडे घेऊन गेली. एक टोपडे मात्र मुलीने मागून घेतले.