कढईचे लाल कान

इचलकरंजीत यंत्रमागाच्या मोटारी दुरुस्त करण्यात माझी तीस वर्षं गेली. दुकानातलं सगळ्यांत लाडकं हत्यार मात्र आईच्या स्वयंपाकघरातून आलेलं आहे. लोखंडी कढई.

सुरुवातीला मी शाफ्टवर बेअरिंग ठोकून बसवायचो. घाव बाहेरच्या कड्यावर पडला, की आत गोळ्यांचे वण उमटतात आणि मोटर थोड्याच दिवसांत घरघरायला लागते. एक जुने मिस्त्री म्हणाले, "ठोकतोस कशाला पोरा? तेलात तापव." ६३०८ नंबरचं बेअरिंग घ्या. शेवटच्या ०८ ला पाचाने गुणलं की भोकाचा व्यास निघतो, ४० मिलिमीटर. ३० अंशांवरून ११० अंशांपर्यंत तापवलं, की हे भोक सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं. एवढंसंच, पण शाफ्टवरची पकड त्याहूनही कमी मापाची असते. गरम बेअरिंग सांडशीत धरून सोडलं, तर सरकत जागेवर जाऊन बसतं आणि निवताना शाफ्टला आवळून धरतं. हातोड्याला हात लावावा लागत नाही. पहिल्यांदा हे जमलं, त्या दिवशी मी तेच बेअरिंग हाताने फिरवत कितीतरी वेळ बसलो होतो.

कढईत मशीनचं स्वच्छ तेल घ्यायचं. बेअरिंग तारेच्या आकड्याला टांगायचं, तळाला टेकलं तर एका बाजूनेच भाजतं. थर्मामीटर हवाच, १२० च्या पुढे जायचं नाही. आणि ग्रीस भरून बंद केलेली बेअरिंगं या तेलात घालू नका, आतलं ग्रीस वाहून जातं.

कढई मागितली तेव्हा आई म्हणाली होती, "ने. पण आता ती परत चुलीवर यायची नाही." तिचं बोलणं मला तेव्हा कडक वाटलं. पुढे दुकानातल्या एका पोराने डब्याच्या वाटीत सोल्डर वितळवलं आणि वाटी घासून पुन्हा डब्यात ठेवली. वाटी लख्ख दिसत होती. आमच्या सोल्डरमध्ये कथलाबरोबर शिसं असतं, आणि शिशाची सुरक्षित पातळी कुठलीच ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूला तर ते फारच वाईट. त्याच्या घरी दोन वर्षांची मुलगी होती. मी ती वाटी तिथल्या तिथे हातोड्याने चेपली. पोरगा हिरमुसला. दुसऱ्या दिवशी त्याला नवी वाटी आणून दिली आणि शिशाचं सगळं समजावून सांगितलं.

तेव्हापासून घरातून काहीही दुकानात आलं, परात असो, गाळणी असो वा चमचा, की आधी त्याला लाल ऑइलपेंट लागतो. कढईच्या दोन्ही कानांना तो लावलेला आहे. मागच्या दिवाळीत आई दुकानात आली होती. तिने कढई उचलून पाहिली, कान हलवून पाहिले आणि म्हणाली, "घट्ट आहेत अजून."