भंगारातून उठलेली ‘लिबरेटर’ विमाने



ग्रंथालयात पाने सुटलेला ग्रंथ रद्दीत जात नाही, तो बांधणीकाराकडे जातो. बाँबफेकी विमानांच्या बाबतीत असा प्रकार भारतात एकदा घडला आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने चार इंजिनांची ‘लिबरेटर’ विमाने 18 हजारांहून अधिक बांधली. त्यांपैकी काही ब्रिटिश वायुदलाला उसनवारीच्या करारावर मिळाली. युद्ध संपताच ती पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत, या हेतूने कानपूरजवळच्या चकेरी तळावर त्यांची मोडतोड करण्यात आली. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणे फोडली, असे सांगतात.

1948 साली काश्मीरचे युद्ध चालू होते आणि नव्या राष्ट्राच्या वायुदलाजवळ जड बाँबफेके विमान नव्हते. तेव्हा दृष्टी गेली ती या ढिगाऱ्याकडे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1940 साली बंगळूरला निघालेल्या ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कारखान्याची माणसे चकेरीला गेली. एका विमानाचा भाग दुसऱ्याला जोडून त्यांनी विमाने कशीबशी उडण्याजोगी केली. पुढचे काम चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांचे. या जातीचे विमान त्यांनी पूर्वी चालविले नव्हते. माहितीपुस्तिका वाचून त्यांनी ते उडविले आणि सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या बंगळूरला नेले. एकदा नव्हे, अशा 40 हून अधिक खेपा झाल्या! या धाडसाचा गवगवा मात्र फारसा झाला नाही.

बंगळूरला संपूर्ण दुरुस्ती झालेली पहिली विमाने नोव्हेंबर 1948 मध्ये पाचव्या स्क्वाड्रनकडे आली. 1957 साली तिला ‘कॅनबेरा’ जेट विमाने मिळाली. बाँबफेकीचे काम संपले, तरी लिबरेटरचे आयुष्य सरले नाही. 1951 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सहाव्या स्क्वाड्रनने त्यांच्याकडून सागरी टेहळणी करून घेतली. तासन्‌तास समुद्रावर फिरत राहणे, हा या विमानाचा खरा गुण. 1968 च्या अखेरीस ती निवृत्त झाली, तेव्हा जगातील दुसऱ्या कोणत्याही वायुदलात लिबरेटर उडत नव्हते.

मग परदेशी संग्रहालयांची मागणी आली. कॅनडाला 1968 साली, अमेरिकेला 1969 साली विमान गेले. ज्या ब्रिटिशांनी ती मोडली होती, त्यांच्या वायुदल-संग्रहालयालाही 1974 साली एक भेट मिळाले, आणि ते तेथवर उडत गेले. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे.