रिपोर्टमधले काळे ठिपके
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी रेडिओलॉजिस्ट आहे म्हटल्यावर सकाळपासून तिघांनी मला मेंदूच्या एमआरआयचे रिपोर्ट दाखवले. तिन्हींत एका अर्थाची ओळ होती: वयोमानानुसार सूक्ष्म रक्तवाहिन्यांत बदल. एकाची त्याने झोप उडाली आहे. बाकी दोघांनी 'वयोमानानुसार' एवढंच वाचून फाइल कपाटात ठेवली. म्हणून त्या ओळीबद्दलच बोलतो.

मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अतिशय बारीक, पण निघतात थेट मोठ्या धमनीतून. मुख्य जलवाहिनीलाच अर्ध्या इंचाचा नळ जोडावा तसं. मेनचा सगळा दाब त्या नळावर. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला की तिची भिंत कडक होते. कुठे ती बुजते, कुठे झिरपते. बुजली की एमआरआयवर पांढरे डाग किंवा ३ ते १५ मिलिमीटरचा छोटा खड्डा दिसतो. झिरपली की रक्तातलं लोह तिथेच साचून राहतं आणि एसडब्ल्यूआय नावाच्या चित्रात काळा ठिपका उमटतो. साध्या सीटीत हे ठिपके दिसत नाहीत. तिथे दिसतो ताजा रक्तस्राव.

ठिपका दुखत नाही. 'मला काही होत नाही' म्हणून बीपीची गोळी सोडणाऱ्यांना (इथे किती आहेत, हात वर करायला लावत नाही!) एवढंच सांगतो.

ठिपके कुठे आहेत, तेही महत्त्वाचं. खोलवर असले तर संशय रक्तदाबावर. फक्त पृष्ठभागालगत असले आणि वय झालेलं असलं, तर वाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलेलं असू शकतं. तिथे रक्त पातळ करणारं औषध देताना डॉक्टर दहादा विचार करतात. तो विचार त्यांनाच करू द्या. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मुंबईत २००५-०६ साली एच विभागात झालेल्या पाहणीत पक्षाघाताचे सुमारे ८० टक्के झटके रक्तपुरवठा अडल्याने आले होते. रक्तस्रावाचे १८ टक्क्यांच्या आसपास.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर आधी घड्याळ बघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तेही सीटी काढून, कारण रक्तस्राव असेल तर तेच जिवावर बेततं.

बीपीचं यंत्र मी आणलं आहे, चहाच्या टेबलाशेजारी ठेवलंय. आधी सर आणि बाई, मग आपण.