दंडाचा मेसेज आला तर

आपल्या गटातल्या कितीतरी जणींच्या नावावर गाडी आहे. चालवतो मुलगा, पण कॅमेऱ्यात चूक दिसली की ई-चलन येतं गाडी जिच्या नावावर आहे तिला. गाडी विकली आणि आरसी बुकावरचं नाव बदललं नाही, तरी चलन आपल्यालाच!

मेसेज आला की घाबरायचं नाही आणि त्यातल्या लिंकलाही हात लावायचा नाही. खोट्या चलनाचं ॲप घेतल्यानं खाती रिकामी झाली आहेत. महाट्रॅफिक ई-चलनच्या सरकारी साइटवर आपणच जायचं. गाडीचा आणि चासीचा नंबर आरसी बुकावर असतो, तो टाकायचा. तारीख, ठिकाण, फोटो नीट बघायचा. गाडी आपली नसेल तर तक्रार नोंदवायची. दंड भरला तर पावती जपून ठेवायची.

प्रकरण कोर्टात गेलं असेल, तर ई-कोर्टच्या साइटवर नाव घालून पुढची तारीख कळते. लोकअदालतीत कोर्ट फी लागत नाही. पण तिथल्या निकालावर अपील नाही, म्हणून पटल्याशिवाय सही करायची नाही. 1987 च्या कायद्यानं बाईला, तिची कमाई कितीही असो, सरकारी वकील-मदत फुकट मिळते. त्यासाठी 15100 वर फोन करायचा.

आणि अठरा वर्षांखालच्या लेकराच्या हाती गाडी दिली, तर पालकांना 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून किल्ली आपल्याच हातात ठेवू या.