पेटी कोणाची? – एका जुन्या हार्मोनियमचा माग

जमिनीला सातबारा असतो, घराला घरपट्टीची पावती असते. पण घरातल्या हंड्याला, शिलाई मशीनला किंवा भजनाच्या पेटीला काय असतं? वस्तू जुनी झाली आणि तिच्यावरून वाद झाला की मग सगळे विचारतात, ही मुळात कोणाची? आज अशाच एका पेटीची हकिकत सांगणार आहे. पनवेलच्या बाजूचं, आता नवी मुंबईत आलेलं एक गाव. नावं घेत नाही, कारण ती घरची गोष्ट आहे. पण माग कसा काढला ते मात्र नीट सांगते. तुमच्याही उपयोगी पडेल.

त्या गावात एका घराच्या माळ्यावर जुनी हार्मोनियम होती. घरातली सासू वारली, तेव्हा मुलगे म्हणाले, मुंबईचा एक गिऱ्हाईक जुनी वाद्यं घेतो, विकून टाकू. हे ऐकून गावचं भजनी मंडळ आलं. पेटीच्या पाठीवर तेलरंगात मंडळाचं नाव होतं, तेव्हा पेटी आमची, असं त्यांचं म्हणणं. धाकटी सून आमच्या बचत गटातली. ती म्हणाली, "सासूबाई शेवटपर्यंत 'माझी पेटी' म्हणायच्या. त्या उगाच म्हणायच्या का?" मग आम्ही चौघीजणी या कामाला लागलो.

पहिली गोष्ट, वस्तूलाच विचारायचं. बाहेरच्या देशांत जुन्या वाद्यांचे शौकीन हेच करतात. अमेरिकेत पेडल स्टील गिटार म्हणून एक वाद्य आहे. टेबलासारखं आडवं ठेवतात आणि वाजवताना पायानं, गुडघ्यानं दांडे दाबतात. असं जुनं गिटार हाती आलं की लोक आधी त्यावरचा नंबर बघतात, कारखाना कोणता ते शोधतात आणि आधीच्या एकेका मालकापर्यंत मागे मागे जातात. आपल्या पेटीचंही तसंच करता येतं.

पेटी मूळची आपली नाही. फ्रान्समध्ये १८४० च्या सुमारास देबाँ नावाच्या कारागिरानं हार्मोनियम केली. ती पायानं भाता मारायची. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८८४ च्या सुमारास मांडी घालून, हातानं भाता मारत वाजवता येईल अशी पेटी बनवली आणि ती घरोघर गेली. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पूर्ण होती. पण कीर्तनात, नाटकात आणि गावच्या भजनात पेटी वाजतच राहिली. म्हणून गावागावांत आजही अशा जुन्या पेट्या सापडतात.

आम्ही पेटी दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला बोलावलं. त्यानं झाकण काढलं. आतले पितळी सूर जर्मनीचे निघाले. तो म्हणाला, जर्मन सूर म्हणजे पेटी बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. पण एवढ्यावर भरवसा ठेवू नका, जुन्या पेटीचे सूर काढून नव्या पेटीत बसवायची पद्धत होती. मग त्यानं बॅटरी मारून आतल्या लाकडावर बघितलं. दुरुस्ती करणारे कधी कधी तिथे पेन्सिलीनं लिहून ठेवतात. तिथे एक गाव आणि '१९४९' असं लिहिलेलं होतं. गाव उरण तालुक्यातलं. सून एकदम म्हणाली, "हे तर सासूबाईंचं माहेर!"

आता बाहेरचं नाव. पाठीवर मंडळाच्या नावाखाली 'जि. कुलाबा' असं होतं. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं १ जानेवारी १९८१ ला. म्हणजे रंग त्याआधीचा. मंडळाच्या दप्तरात पेटी दुरुस्तीची पावती मिळाली. तिच्यावर नवा भाता, पॉलिश आणि 'नाव टाकणे' असं लिहिलेलं होतं. तारीख पुसलेली, पण दुकानाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड छापलेला होता. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. म्हणजे नाव पडलं ते १९७२ ते १९८० च्या दरम्यान. पेटी तर १९४९ सालीच उरणला होती. आणि मंडळाच्या वहीत दुरुस्तीचा खर्च होता, खरेदीची नोंद कुठेच नव्हती.

मग आम्ही सासूबाईंच्या माहेरी गेलो. बायांनो, हे लक्षात ठेवा. सासरच्या कागदांवर पुरुषांची नावं असतात. बाईनं काय आणलं हे कुठे लिहिलेलं असेल तर ते तिच्या माहेरी. तिथे भावजय होती, ऐंशी ओलांडलेली, पण आठवण पक्की. तिनं सांगितलं की गावातली एक नाटक मंडळी मोडली तेव्हा सासूबाईंच्या आईनं पेटी विकत घेतली. आई बाजारात सुकी मासळी विकायची. लेकीचा गळा गोड होता म्हणून बोंबील-जवळ्याच्या पैशातून पेटी आली. नंतर लग्नात ती लेकीबरोबर गेली.

तोंडी सांगणं महत्त्वाचं, पण त्याला जोड हवी. भावजयीनं ट्रंक उघडली. लग्नखर्चाची वही निघाली. त्यात आंदणाची यादी होती. हंडा, कळशी, परात, चार पातेली आणि शेवटी 'पेटी १'. वहीवर साल नव्हतं, पण हिशोब सगळा रुपये-आणे-पैचा. नवे पैसे सुरू झाले १ एप्रिल १९५७ ला. लग्न त्याआधीचं, आणि मंडळाचं नाव पेटीवर पडलं त्यानंतर निदान पंधरा वर्षांनी.

तेव्हा पेटी सासूबाईंचीच होती. त्यांनी भजनाला दिली, मंडळानं प्रेमानं दुरुस्त केली, आपलं नाव घातलं. त्यात लबाडी नव्हती. पण वस्तू सांभाळणं, दुरुस्त करणं, वाजवणं आणि मालकी या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. वर्षं उलटली की त्यांची सरमिसळ होते.

आता कायद्याचं थोडं. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. त्याच्या कलम १४ प्रमाणे बाईकडे असलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची. त्यात जमीन-घर आलं तसं भांडं, दागिना, पेटीही आली. लग्नात मिळालेली असो, बक्षीस असो, स्वतःच्या कष्टाची असो. आणि मृत्युपत्र न करता ती वारली तर कलम १५ प्रमाणे आधी मुलगे, मुली आणि नवरा यांचा सारखा हक्क. इतर धर्मांच्या बायांना त्यांचे त्यांचे कायदे लागतात.

हे वाचून दाखवलं तेव्हा घरात सगळे गप्प झाले. कारण सासूबाईंना दोन मुली होत्या आणि पेटी विकायची ठरवताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या मैत्रिणीचाही चेहरा जरा उतरला. सुनेचं नाव त्या वारसांत नाही. पण तिनंच दोन्ही नणंदांना फोन लावला. दोघी आल्या. थोरली म्हणाली, आजीच्या मासळीच्या पैशाची पेटी विकायची नाही. भावांनीही मान्य केलं. शेवटी एका कागदावर लिहिलं: पेटी चौघा भावंडांची, मंडळाला वापरायला दिली आहे, एकादशीला आणि गणपतीत पुरुषांचं भजन, दर गुरुवारी बायकांचं. दुरुस्ती मंडळानं करायची. सगळ्यांच्या सह्या झाल्या. मंडळाचं नाव पुसलं नाही. त्याच्या वर सासूबाईंचं आणि त्यांच्या आईचं नाव घातलं.

नवी मुंबईसाठी १९७० पासून सिडकोनं ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. तेव्हापासून इथल्या माणसांनी जमिनीचे कागद जपायला शिकून घेतलं. पण जुनं घर पाडताना ट्रंका उलथ्या होतात आणि आंदणाच्या याद्या रद्दीत जातात. त्या जपा.

तुमच्या गटाला एक काम सांगते. एक वही घाला. गटाची वस्तू असेल, सतरंजी, भांडी, शेवयांचं मशीन, ढोलकी, तर कधी घेतली, कितीला, कोणाच्या पैशानं, आता कोणाकडे ठेवली, हे लिहा. 'ठेवायला दिली' आणि 'दिली' यांत फरक करा. बिलाचा फोटो काढून ठेवा. मंडळ किंवा देवस्थान नोंदणीकृत ट्रस्ट असेल, तर त्याच्या मालमत्तेची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. अर्ज करून नक्कल मागता येते. वाद वाढलाच, तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे. तिथे महिलांना वकिलाची मदत मोफत मिळते, उत्पन्न कितीही असो.

आणि घरात जी सगळ्यांत वयस्क बाई असेल, तिच्याजवळ या आठवड्यात बसा. घरातली एकेक जुनी वस्तू दाखवा आणि विचारा, ही कुठून आली, कोणी घेतली? ती सांगेल ते तारीख घालून लिहून ठेवा.